कोकणात गेलात आणि पाऊस धरून बसला तर बारक्या पोरांसोबत दिवस कसा काढायचा

आम्हा सांगलीकरांना पावसाचं फार कौतुक नाही आणि फार भीतीपण नाही. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटाला टेकलं की मग बघू सामान वर चढवायचं, असा आपला हिशोब. पण समुद्राकाठी एका खोलीत दोन पोरं, बाहेर धो धो, आणि तीन दिवसांचं भाडं आगाऊ भरलेलं, ही परिस्थिती वेगळी असते हे मला २०२५ च्या मे महिन्यात कळलं. शुक्रवारी २३ तारखेला गणपतीपुळ्याला पोचलो, संध्याकाळी तासभर वाळूत खेळून झालं, आणि शनिवारी सकाळी पडवीत येऊन बघतोय तर समोर समुद्रच दिसेना. नुसता आवाज. अरबी समुद्रातलं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, त्याच दिवशी रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं, आणि रविवारी २५ तारखेला चक्क मान्सून कोकणात दाखल झाला, एरवी सात जूनच्या आसपास येणारा गडी. म्हणजे आम्ही अगदी मुहूर्त काढून गेलेलो.

सोबत सात वर्षांचा थोरला, चार वर्षांची धाकटी, बायको आणि माझी आई. त्या दोन दिवसांत जे जमलं आणि जे साफ फसलं ते सगळं इथं लिहितोय, कारण मे अखेरीला किंवा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळाच्या वेळेला हेच झालेलं, गेलेले लोक रूममध्ये बसून चिवडा खात होते.

एक आधीच सांगतो. पोरांना समुद्राचा बेत बुडाला म्हणून काही वाटत नाही, वाटतं ते आपल्याला, कारण पैसे आपले गेलेले असतात. पोरं चिडचिड करतात ती ओल्या चड्डीमुळे आणि भुकेमुळे. एवढं सांभाळलं की दिवस निघतो.

समुद्राचं आधी ठरवून टाका

पोरं सकाळी सातपासून विचारायला लागतात, आपण समुद्रावर कधी जायचं. "बघू" म्हणालात की संपलात, दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न. त्यामुळं सकाळीच एकदा स्पष्ट सांगून टाकायचं की आज पाण्यात जायचं नाही, पाऊस थांबला तर फक्त वाळूत, आणि तेपण हात धरून. पावसात कोकणचा समुद्र लाडात येणारा नसतो. गणपतीपुळ्याचा किनारा तर ऊन असतानाही धोक्याचा, उतार आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. आपल्या गुडघ्याएवढं पाणी म्हणजे चार वर्षांच्या पोरीच्या कमरेएवढं. आपण कृष्णेत पोहायला शिकलोय हे इथं काही कामाचं नाही, नदीची ओढ एका दिशेला असते, इथं लाट आधी ढकलते आणि मग ओढते. लाल बावटा लावला असेल किंवा जीवरक्षक शिट्ट्या मारत असतील तर वाद घालत बसू नका, आमच्या शेजारच्या रूममधले एक काका घालत होते, "आम्ही दरवर्षी येतो" म्हणून. बरं.

वाळूत जायचं तरी ओहोटी बघून. अ‍ॅपवर वेळा मिळतात पण त्या दिवशी नेटवर्कच नव्हतं. आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका म्हणाले, अहो अ‍ॅप कशाला, कॅलेंडर बघा. तिथी घ्यायची, पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता साधारण भरती. प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजायचं. शनिवारी द्वादशी होती. मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आमची आई आतून म्हणाली, "बारा पाऊणे नऊ." जुन्या शाळेतली पाऊणकी, अजून तोंडपाठ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, तीन-सव्वातीनला, ओहोटी. अर्धापाऊण तास इकडंतिकडं होतं, पण पोरांना कधी बाहेर काढायचं ते ठरवायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पन्नासेक मिनिटं पुढं सरकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा खूप वर येतं, त्या दिवसांत भरतीच्या वेळेला किनाऱ्याकडं फिरकायचंच नाही.

वीज चमकत असेल तर विषयच संपला. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. थोरल्याला हे मोजायचं काम दिलं तर तो घाबरायचं विसरला, उलट "अजून जवळ ये" म्हणायला लागला. पण हा पोरांचा खेळ झाला. आपण आवाज आला की लगेच घरात, सेकंद किती का भरेनात. माडाखाली आणि सुरूच्या झाडाखाली थांबायचं नाही. दामिनी नावाचं विजेचा इशारा देणारं अ‍ॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, ते घरूनच टाकून घ्या.

भिजायचं तर एकदाच, पण भरपूर

हे आम्ही शनिवारी दुपारपर्यंत चुकीचं केलं म्हणून ठासून सांगतोय. सकाळी आठला धाकटी पागोळ्यांखाली हात धरायला गेली, बाही भिजली, कपडे बदलले. साडेआठला परत, आता चड्डी. नवाला थोरल्यानं तिला ढकललं. अकरापर्यंत पाच जोड ओले आणि एकपण पोरगं धड खेळलेलं नाही, कारण दरवेळी आम्ही "अगं भिजशील" म्हणत मागं. बायको म्हणाली एकतर यांना बांधून ठेव नाहीतर सोडून दे.

मग सोडून दिलं. हीच पद्धत आहे. आंघोळीच्या आधी, साधारण अकरा-साडेअकराला, जुने कपडे घालून अंगणात पूर्ण मोकळं सोडायचं, विजा नसतील तर. मे महिन्यातला कोकणातला पाऊस गार नसतो. पाऊण तास, एक तास, ओठ निळसर दिसेपर्यंत नाही पण दमेपर्यंत. चिखलात बसू दे, पागोळीखाली डोकं धरू दे, पन्हळीखाली उभं राहू दे. तिथून थेट गरम पाण्याची आंघोळ, डोकं खसाखसा पुसायचं, कोरडे कपडे, गरम काहीतरी पोटात. आणि मग दिवसभर परत भिजणं नाही, यावर तडजोड नाही. पाच वेळा थोडं थोडं भिजण्यापेक्षा एकदा भरपूर भिजलेलं पोरगं कमी शिंकतं असा माझा अनुभव, डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

आणि घराचे दोन भाग पाडा. पडवी ओली, उंबऱ्याच्या आत कोरडं. उंबऱ्यापाशी एक खुर्ची, खुर्चीवर एक पंचा, पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही. लाल मातीचे पाय गादीवर गेले की घरमालकीण बाई काही बोलत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं.

कपडे वाळवायचं शास्त्र

कोकणात पावसात कपडे वाळत नाहीत ही तक्रार सगळेच करतात, पण निम्मी चूक आपली असते. समुद्राच्या पाण्यात भिजलेले कपडे तसेच दोरीवर टाकले तर ते कधीच वाळणार नाहीत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते तसं. त्यामुळं आधी गोड्या पाण्यातून दोनदा काढायचे. मग पिळायचे, पण हातानं पिळून भागत नाही. कोरडा जाड टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर ओला शर्ट सपाट ठेवायचा, पोळीला तूप लावून गुंडाळी करतो तशी टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्यावर पोरांना नाचायला लावायचं. खरंच. दोघं मिळून पाच मिनिटं उड्या मारतात, त्यांची मस्ती जिरते आणि शर्टातलं पाणी टॉवेलात उतरतं. आमच्याकडं तर भांडणं लागली, आता माझी पाळी म्हणून. नंतर तो टॉवेल पिळून घ्यायचा.

मग दोरी. आमच्याकडं दोरी नव्हती, मालकांनी सुंभ दिलं, त्याचे तंतू सगळ्या कपड्यांना लागले, धाकटी दोन दिवस खाजवत होती. तुम्ही घरनं पाचेक मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे न्या. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून पंख्याखाली बांधायची. रूमला एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवून दार-खिडक्या बंद, हवेतला दमटपणा काढून घेतो, पंख्यापेक्षा लवकर काम होतं. चड्ड्या-बनियन इस्त्रीनं वाळतात. बूट असतील तर आत पेपरचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. खरं म्हणजे बूट न्यायचेच नाहीत, फ्लोटर्स किंवा रबरी चपला बस झाल्या. आणि जीन्स तर अजिबात नको, माझी जीन्स शनिवारी भिजली ती मंगळवारी सांगलीत वाळली. पायात चप्पल घालायच्या आधी झटकायची, पहिल्या पावसात विंचूकाटा निघतो.

पोरांचे जोड किती? दिवसाला तीन धरा, शिवाय दोन जास्तीचे. सुती पातळ टीशर्ट. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या सात-आठ न्या, ओलं वेगळं राहतं आणि गाडीच्या सीटवर अंथरायला पण होतात.

पडवीतले उद्योग

कागदी होड्या सगळ्यांना येतात, पण साधी होडी पागोळीच्या ओघळात पाच मिनिटांत मान टाकते. कागदाची घडी घालायच्या आधी खालच्या बाजूला मेणबत्ती दाबून घासायची, पांढरा थर दिसेपर्यंत, कडा आणि टोकं तर दोनदा. मेणाला पाणी धरत नाही, होडी अर्धा तास तरते. थोरल्यानं एक मेणाची आणि एक बिनमेणाची अशा दोन सोडल्या आणि अंगणातून गटारापर्यंत शर्यत लावली. बिनमेणाची तुळशीपाशीच बसली. मग त्यानं सगळ्या वहीचे कागद संपवले आणि शेवटी आईच्या पोथीकडं बघायला लागला तेव्हा थांबवलं. जुने पेपर न्या जास्तीचे.

दुसरं म्हणजे पाऊस मोजणं. सरळ उभ्या कडेचा स्टीलचा डबा लागतो, खाली निमुळता होणारा ग्लास चालत नाही. झाडापासून आणि पागोळीपासून लांब, उघड्या जागेत, दगड लावून ठेवायचा. आत पट्टी घालून बघायची, एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस, डबा केवढाही रुंद असू दे. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा चोवीस तासांचा आकडा धरतं, ६४.५ मिलीमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. आमच्या डब्यात रविवारी सकाळी आठ सेंटीमीटर आणि थोडं वर होतं. माझी सासुरवाडी जतची. तिकडं वर्षभरात पाचशे मिलीमीटरच्या आसपास पडला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात, आणि रत्नागिरीला वर्षाला तीन हजारच्या वर पडतो. थोरल्यानं जतच्या आजोबांना फोन लावून सांगितलं, "आजोबा इथं एका दिवसात आठ सेंटीमीटर पडला," तर ते म्हणाले, "इकडं पाठवून दे की थोडा."

आदल्या दिवशी गोळा केलेले शिंपले असतील तर ते धुऊन आकारानं लावायचे, पण शंख उचलताना आत कोण राहतंय का ते बघा. आमच्या एका शंखातून रात्री खेकडा बाहेर आला आणि बायकोच्या पर्समध्ये गेला. सकाळी त्याला सन्मानानं समुद्राकडं सोडून आलो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चल्लस-आठनं. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं काढायची, चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधे फुली. त्या फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. चार कवड्या किंवा चार अर्धे केलेले चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे वर तेवढी घरं, चारी पांढरे पडले तर चल्लस म्हणजे चार, सगळे काळे पडले तर आठ. सोंगट्या म्हणून शिंपले, काजूच्या बिया, बटणं, काहीपण. चिंचोके मालकीण काकूंनी डब्यातनं काढून दिले आणि पाट्यावर ठेवून फोडूनपण दिले, म्हणाल्या आमची पोरं मुंबईला गेल्यापासून कुणी मागितलेच नव्हते. चार वर्षांच्या पोरीला नियम कळत नाहीत, तिला फक्त चिंचोके टाकायचं काम द्यायचं, ती खूश. आमची आई मात्र लबाडी करते हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

खाणं

सांगलीहून भडंग नेतोच आपण, पण कोकणच्या हवेत डबा उघडा राहिला की दहा मिनिटांत सादळतं. छोट्या छोट्या पिशव्या घट्ट बांधून न्या, एकावेळी एकच उघडायची. बेदाणे, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, हे टिकतं. तेल-लसणाचं भडंग पोरांना तिखट लागत असेल तर त्यांच्यासाठी साधे चुरमुरे वेगळे.

बाकी दोन-दोन तासांनी काहीतरी गरम मिळेल अशी सोय करा. घरगुती ठिकाणी उतरलात तर सकाळीच काकूंना विचारून ठेवायचं की दुपारी घावणे किंवा मऊभात मिळेल का, ऐनवेळी मागितलं की अडचण होते आणि पाऊस लागला की हॉटेलवाले पण लवकर शटर ओढतात. आमच्या काकूंनी फणस फोडला होता, त्याच्या आठळ्या पोरांना सोलायला दिल्या. आधी चुलीत भाजून, मग जरा गार झाल्यावर वरचं कडक पांढरं साल काढायचं. साल काढताना पाऊण तास दोघांचा आवाज नाही. गरे काढायला पोरांना बसवणार असाल तर हाताला आधी खोबरेल लावा, नाहीतर चीक निघता निघत नाही. कापा म्हणजे घट्ट गरा द्या, बरका मऊ असतो, लहान पोरांच्या घशात सुळकन जातो, आणि गरे एकावेळी चार-पाचच्या वर नाही. धाकटीनं मोजून नाही खाल्ले, रात्री पोट दुखलं, ओव्याच्या पाण्यावर भागलं.

एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि आमच्यासारखे मे अखेरीला गेलात तरी वादळात होड्या किनाऱ्याला ओढलेल्याच असतात. ताजा मासा म्हणून कुणी आग्रह करत असेल तर जरा विचारून घ्या कधीचा आहे. मी त्या दोन दिवसांत पोरांना मासे दिलेच नाहीत.

दुपारी जेवण झाल्यावर झोप. झोपत नसतील तर तास-दीड तास मोबाईल द्या, अपराधी वाटून घेऊ नका, तुम्हालापण पाठ टेकायची असते. फक्त दोन-चार कार्टून घरूनच डाऊनलोड करून न्या, कारण लाईट जाते, पाठोपाठ टॉवर जातो, आणि गोल फिरणारं चक्र बघून पोरं जास्त रडतात. पॉवरबँक भरलेली पाहिजे, पण ती आपल्या फोनसाठी राखून ठेवायची, कार्टूनसाठी नाही.

बाहेर काढायचंच असेल तर एकच ठिकाण

रेड अलर्ट असेल तर गाडी काढायची नाही, शनिवारी आम्ही काढली नाही. रविवारी सकाळी जरा उघडीप मिळाली तेव्हा रत्नागिरीला गेलो, आरे-वारेच्या रस्त्यानं, गाडीच्या काचेतनं समुद्र बघत. तिथं उतरायची गरज नाही, काच थोडी खाली केली तरी पोरांना खारा वारा मिळतो.

एका दिवसात तीन ठिकाणं करायला जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी उतरताना छत्र्या, चढताना ओले पाय, असं करत पोरं दुसऱ्या ठिकाणापर्यंतच कंटाळतात. आमच्यासारखी पोरं बारकी असतील तर झाडगावचं मत्स्यालय चांगलं, कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं आहे, आत टाक्यांत मासे आणि व्हेलचा भलामोठा सांगाडा. धाकटी त्या सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेली, तिला वीसपर्यंतच मोजता येतं, पुढं "खूप" म्हणाली.

पोरगं सात-आठच्या पुढचं असेल तर थिबा राजवाडा. तिथं वस्तू फार नाहीत, पण गोष्ट जबरदस्त आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि त्याला इतक्या लांब रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा बांधून दिला, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला, घरी परत गेलाच नाही. हे मी थोरल्याला सांगत होतो, आणि चार वर्षांची मधेच म्हणाली, "त्याला पण बाबांनी सांगितलं होतं का, पाऊस थांबला की जाऊ?" शेजारी उभे असलेले दोघं-तिघं हसले, मला मात्र जरा लागलं. सोमवारी जाणार असाल तर उघडा आहे का ते आधी विचारून घ्या, सरकारी म्युझियम बऱ्याचदा सोमवारी बंद असतात.

गणपतीपुळ्यातच राहायचं असेल तर देवळात जा. पावसात रांग नसते, नेहमी तासभर लागतो तिथं दहा मिनिटांत दर्शन होतं. डोंगराची प्रदक्षिणा मात्र लहान पोरं आणि निसरडी पायवाट बघता टाळली तर गणपती काही म्हणणार नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक अगदी जवळ आहे, कौलारू घर, पोरांना कवितेचं काही नसेल पण आजी-आजोबा सोबत असतील तर ते रमतात. आमच्या आईला शाळेतली तुतारी पाठ होती, तिनं तिथंच म्हणून दाखवली.

संध्याकाळी लाईट जाते हे धरूनच चाला

सहाच्या आधी पोरांना खाऊ घालून घ्यायचं. अंधारात भात कालवणं म्हणजे निम्मा भात चटईवर. टॉर्च प्रत्येक पोराला स्वतःचा पाहिजे, छोटे स्वस्तात मिळतात, नाहीतर एका टॉर्चवरनं महाभारत. भिंतीवर हाताच्या सावल्या, कुत्रा, हरीण, पक्षी. भुताच्या गोष्टी मोठ्यांनी सांगू नयेत, शेजारच्या रूममधल्या त्या काकांनी सांगितल्या आणि रात्री आमची दोघं आमच्या अंगावर झोपली. उघडीप मिळाली आणि फार वारा नसेल तर अंगणाच्या कडेनं बघा, मे अखेरीला काजवे दिसतात. मलम फासून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, कारण डासपण त्याच वेळेला निघतात.

औषधांची पिशवी खिशाजवळ ठेवा, डिकीत नाही. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, उलटीची गोळी, थर्मामीटर. रात्री कोकणात औषधाचं दुकान शोधणं अवघड आणि पावसात तर जास्तच. काही गंभीर झालं तर ११२, आणि रस्ता बंद, पाणी, झाड पडलं असलं काही असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७.

परत येताना

पाऊस लागला म्हणून घाबरून रात्रीच निघणारे लोक मला कळत नाहीत. सांगलीला यायला आंबा घाट, साताऱ्याकडच्यांना कुंभार्ली, दोन्ही दिवसाउजेडी चढायचे. आंबा घाटात जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून रस्ता खचला होता, ते डोक्यात ठेवा. शिवाय आम्ही गेलो तेव्हा मिऱ्या-नागपूर हायवेचं काम चाललेलं, त्यामुळं पालीच्या पुढं जागोजागी लाल चिखल आणि डायव्हर्जन. निघायच्या आधी एसटी स्टँडवर कंट्रोलरला विचारायचं, कोल्हापूरची सकाळची गाडी गेली का आणि वेळेत गेली का. एसटी जातेय म्हणजे घाट चालू आहे, मॅपपेक्षा हे पक्कं. एक दिवस जास्त राहावं लागलं तर राहा, मालकांशी सरळ बोला, अशा पावसात पुढचं बुकिंग बऱ्याचदा रद्द झालेलं असतं आणि भाडंपण कमी करतात. आमचं केलं.

सोमवारी आम्ही नऊला निघालो. साखरप्याला थांबून चहा, पोरांना कोरडी बिस्किटं, घाटाच्या आधी दूध अजिबात द्यायचं नाही. उलटीसाठी एक-एक पिशवी पोरांच्या हातातच द्यायची, सीटच्या खिशात ठेवलेली वेळेला सापडत नाही. धाकटीला घाटात लागलंच, पण पिशवीत. घाटमाथ्यावर दाट धुकं, हेडलाईट डीमवर ठेवून, पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून मलकापूरपर्यंत आलो.

घरी आल्यावर त्याच दिवशी गाडीतल्या मॅट काढा, कितीही दमलेले असा. समुद्राचं पाणी आणि वाळू लागलेली असते, आधी गोड्या पाण्यानं धुवायच्या, नाहीतर आठवडाभरात वास धरतो आणि खालचा पत्रापण गंजतो. आम्हाला वाटलं सांगलीत ऊन असेल, गच्चीवर टाकू. इथंपण पाऊसच. मग चार मॅट हॉलमध्ये पंख्याखाली, तीच न नेलेली नायलॉनची दोरी आठवत, आणि थोरला विचारतोय टॉवेलात गुंडाळून यांच्यावर नाचायचं का.